भेट, विष आणि लग्न

प्रश्न : मुलगी जर्मन शिकते आहे. तिच्या पुस्तकात कवटीचं चित्र असलेल्या बाटलीवर ‘गिफ्ट’ लिहिलंय आणि अर्थ दिलाय विष! तिची मैत्रीण म्हणते, स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विवाहित. हे तीन निरनिराळे शब्द आहेत की कोणी आमची फिरकी घेतंय?
– एक वाचक

उत्तर : फिरकी नाही, आणि शब्दही तीन नाहीत. जर्मन औषधांची माहितीपत्रकं भाषांतरित करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे या गिफ्टशी माझी जुनी ओळख आहे.

मूळ अर्थ साधा : ‘देणं’, जे दिलं ते. इंग्रजीतला अर्थ याच्या सगळ्यात जवळचा. पण जुन्या इंग्रजीत हाच शब्द वधूमूल्यासाठी वापरत आणि उच्चार ‘यिफ्ट’सारखा करत. आजचा ठसठशीत ‘ग’ उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा.

स्वीडिशमध्ये मुलगी ‘दिली’ की ती गिफ्ट. पुढे नवराही गिफ्ट झाला. डॅनिश, नॉर्वेजियनमध्येही हेच. शिवाय या तिन्ही भाषांत गिफ्टचा दुसरा अर्थ विषच आहे. त्यावरचे विनोद तिथे इतके झिजलेत की नव्याने सांगायची सोय नाही!

आता विष. ग्रीकमध्ये ‘डोसिस’ म्हणजे देणं. आपल्या ‘दान’मधला ‘दा’ धातू त्याचाच भाऊबंद. वैद्यांनी त्याला ‘औषधाची मात्रा’ हा अर्थ दिला. आपण उपदेशाचे पाजतो तो डोस हाच. जर्मनांनी याच शब्दाच्या धर्तीवर आपल्या ‘गिफ्ट’ला तो अर्थ चिकटवला, आणि मात्रेवरून गाडी विषावर गेली. माझ्या मते यात भीडही असावी. विष घातलं असं उघड कोण म्हणेल? ‘काहीतरी दिलं’ एवढंच म्हणायचं. फ्रेंचांनी तरी वेगळं काय केलं? त्यांचा विषवाचक शब्द लॅटिन ‘पोतिओ’वरून आला, आणि त्याचा अर्थ फक्त ‘पेय’.

विषाला जर्मनमध्ये आधी दुसरा शब्द होता. तो आज ‘आइटर’ म्हणून उरलाय, पण अर्थ झालाय पू. आइसलँडिकमध्ये मात्र ‘एइतुर’ अजूनही विषच.

गिफ्ट असं वाया गेल्यावर जर्मन लोक भेटवस्तूला ‘गेशेंक’ म्हणू लागले. त्यातलं ‘शेंकन’ म्हणजे मुळात पेय ओतून देणं. म्हणजे दिलं ते विष ठरलं आणि ओतलं ती भेट! मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. डचांनी भांडण शहाणपणाने मिटवलं : ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी, विषाला ‘गिफ’.

मुलीला ‘मिटगिफ्ट’ही शोधायला सांगा. अर्थ हुंडा, सोबत दिलेलं. आजचं विष जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, पण मिटगिफ्ट अजून स्त्रीलिंगीच, कारण ‘देणं’ या अर्थाचा जुना गिफ्ट स्त्रीलिंगी होता. परीक्षेत लिंग विचारलं तर तिथेच मार्क जातात.