'इन्फ्लमेशन': सूज, शोथ की दाह?

प्रश्न असा आहे: रक्ततपासणीत सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, "शरीरात इन्फ्लमेशन आहे, म्हणजे सूज." पण अंगावर सूज तर कुठेच नाही. मग 'सूज' हा शब्द बरोबर कसा? आणि कोशात सापडणाऱ्या 'शोथ' आणि 'दाह' यांपैकी कोणता घ्यावा?

माझं मत 'दाह'ला. 'सूज' अगदीच चूक आहे असं नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. (त्याच्या लॅटिनमध्ये सुजेला 'ट्यूमर' म्हटलंय. तो शब्द गाठीला चिकटला तो पुष्कळ नंतर.) जखमेच्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून तो भाग लाल आणि गरम होतो. त्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातला द्रव आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, म्हणून सूज. म्हणजे सूज हा त्या सगळ्या खटाटोपाचा एक परिणाम. तो खटाटोप धमनीच्या भिंतीत चालू असेल तर बाहेरून काय दिसणार? सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाहाचे रासायनिक निरोप पोचले की ते रक्तात वाढतं. दाह कुठे आणि कशामुळे, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

उलट बाजूही आहे. हृदय किंवा मूत्रपिंड थकलं की पाय सुजतात, बोटाने दाबलं की खळगा राहतो. तिथे सूज भरपूर, पण दाह असेलच असं नाही.

'शोथ'ची अडचणही तीच. तो 'श्वि' म्हणजे फुगणे या धातूपासून आलेला, त्यामुळे पुन्हा सुजेपाशीच येतो. त्याची परंपरा मात्र मोठी. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या (व्रण होण्याआधीच्या सुजेच्या) आम, पच्यमान आणि पक्व, म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली, अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. 'गळू पिकलं' म्हणताना आपण तीच कल्पना वापरतो. हिंदीच्या वैद्यकीय परिभाषेत 'शोथ' चांगला रुळला आहे. मराठीत तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा ऐकू येत नाही.

'दाह'मध्ये 'दह्', म्हणजे जळणे, आणि लॅटिन मूळ शब्दातही ज्वाळाच आहे. शिवाय मराठीत दाह 'होतो' आणि 'शमतो', त्यामुळे 'दाहशामक औषध' सहज तयार होतं. सूज 'येते', 'चढते', 'उतरते'. तिच्यापासून असा सुटसुटीत शब्द करून बघा. दाह म्हणजे नुसती आग होणं असा समज होऊ शकतो, हे मान्य. म्हणून रुग्णाशी बोलताना "आतून दाह चालू आहे, बाहेर सूज दिसेलच असं नाही" असं पूर्ण वाक्य बोलावं.

खरा घोटाळा 'इन्फेक्शन'शी होतो. दोन्ही शब्द 'इन्फ'ने सुरू होतात आणि बोलताना सर्रास अदलाबदल होते. संसर्ग म्हणजे जंतूंचा शिरकाव. दाह हे शरीराचं उत्तर, आणि ते जंतूंशिवायही येतं. गाऊटमध्ये सांध्यात युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक साचतात आणि पायाचा अंगठा लालबुंद होतो. संधिवाताभ रोगात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. अशा दाहावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. कारण ते जिवाणूंवर (बॅक्टेरियांवर) चालतं, दाहावर नाही.

जाता जाता: 'ॲक्यूट'साठी 'तीव्र' लिहितात, तेही खटकतं. ॲक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेला, थोड्या काळाचा. तो सौम्यही असू शकतो. 'तीव्र' हा 'सिव्हिअर'साठी राखावा आणि इथे 'नवा' किंवा 'अचानक उद्भवलेला' लिहावं. 'क्रॉनिक'साठी मात्र 'जुनाट' आयता आहे. जुनाट खोकला म्हणतो तसा जुनाट दाह.