गारांचा मार आणि गाडीचा मूळ रंग

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही निपाणीचे. एप्रिलच्या वळवात आवळ्याएवढ्या गारा पडल्या. तंबाखूच्या वखारीसमोर लावलेल्या आमच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर तीस-बत्तीस खड्डे पडले. बॉनेटवरही आहेत आणि समोरच्या काचेला तडा गेलाय. गाडीला चौथं वर्ष चालू आहे, १२०० सीसीच्या आतली, पासिंग कोल्हापूरचं, एमएच-०९. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून टप-बॉनेट रंगवू, अठरा हजार, काच वेगळी. भाऊजी म्हणतात, कढत पाणी ओतून वर बर्फ ठेवा, खड्डे आपोआप उठतील. इन्शुरन्स फुल आहे, पण क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारा ३५ टक्के बोनस जाईल म्हणून ह्यांना क्लेम नको आहे. शिवाय महाराष्ट्राची गाडी, कर्नाटकात क्लेम मिळेल का?
– एक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, आधी भाऊजींना थांबवा. कढत पाण्यानं रंग फुगतो, बर्फ लागला की एकदम आकसतो. असे खड्डे त्यानं उठत नाहीत, वरचा चकाकीचा थर तडकायची भीती मात्र असते. गॅरेजवाल्यालाही आजच हो म्हणू नका.

मी एकतीस वर्षं बेळगावात, उद्यमबागेत पत्राकाम करतोय. सुरुवातीच्या काळात खानापूरच्या एका गुरुजींच्या गाडीचा गारांनी ठोकलेला टप मी लांबी भरून, घासून, रंगवून अगदी गुळगुळीत करून दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते गाडी घेऊन आले. टपावर फोड उठले होते. एक नखानं उचलला तर लांबीची खपलीच हातात आली, खाली तांबूस गंज. गुरुजी मला एक शब्दही बोलले नाहीत. ते मला अजून लागतं. कारखान्याच्या भट्टीत भाजलेला रंग आम्हाला गॅरेजात तसा मारता येत नाही. तो शाबूत असेल तर त्यावर पॉलिशपेपर फिरवायचा नाही, हे मी तेव्हापासून पाळतो.

शाबूत आहे का ते तुम्ही घरीच बघू शकता. गाडी धुऊन रात्री ट्यूबलाइटखाली उभी करा. टपावर लाइटची सरळ रेघ दिसेल. ती जिथं वाकडी होते तिथं खड्डा. प्रत्येकाभोवती खडूनं गोल काढा, मोजा, फोटो घ्या. मग भिंग घेऊन खड्ड्याच्या तळाशी बघा, नख फिरवा. केसासारखी चीर दिसली नाही, नख कुठं अडकलं नाही, तर रंग चांगला आहे. असे खड्डे रंग न लावता निघतात. त्या कामाला पीडीआर म्हणतात. छताचं कापड उतरवून आतून वाकड्या टोकाच्या सळ्या घालतात आणि खड्डा थोडा थोडा वर ढकलत आणतात. टपाच्या आतल्या आडव्या पट्टीवर किंवा बॉनेटच्या दुमडीवर सळी पोचत नाही. तिथं बाहेरून गोंदानं ओढतात, पण दर वेळी ते पूर्ण जमतंच असं नाही. चीर गेलेल्या जागी मात्र रंग लागणारच. तेवढं मृगाच्या आधी उरकून घ्या, नाहीतर पाणी आत शिरून गंज धरतो.

आता क्लेम. फुल इन्शुरन्समध्ये गारपीट धरलेली असते. पॉलिसी देशभर चालते, पासिंग कुठलं ते आड येत नाही. फक्त कंपनीच्या यादीतल्या गॅरेजात गेलात तर कॅशलेस होतं, नाहीतर आधी तुम्ही भरायचे आणि मग बिल लावायचं. कंपनीला लगेच कळवा आणि तिचा सर्व्हेअर नुकसान बघून जाईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका.

बोनसचा हिशेब ह्यांच्याबरोबर बसून करा. तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीवर नाही. समजा सूट धरायच्या आधी तो हप्ता ६,००० आहे. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट, त्यापुढं ५० टक्के. केला तर शून्यापासून : ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक मिळून ७,२०० रुपये. त्यात क्लेममध्ये तुमच्या वाट्याला येणारे सक्तीचे १,००० धरा, रंगाच्या सामानावरची घट, म्हणजे वापरापोटी कंपनी कापते ती रक्कम धरा. काचेवर घट कापत नाहीत. म्हणजे खर्च नऊ-दहा हजारांच्या आत बसत असेल तर खिशातून करा. तुमची काचही गेलीय, टपही गेलाय. मी तुमच्या जागी असतो तर क्लेम केला असता.

समोरची काच दोन थरांची, मध्ये चिकट पडदा असतो, म्हणून ती तडकली तरी खाली पडली नाही. तडा चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असेल तर काच बदलाच. तोवर बाहेरून पारदर्शक टेप लावा आणि तवंदी घाटातून ये-जा टाळा.

आणि कामाला गाडी टाकाल तेव्हा छताचं कापड उतरवताना तुम्ही किंवा हे समोर उभे राहा. काढलेल्या क्लिपा एका डब्यात टाकून घ्या. त्या हरवल्या की कापड परत नीट बसत नाही, आणि मग वर्षभर ते डोक्यावर फडफडत राहतं.