हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा ऑक्सिडेशन नंबर −१ कसा? तो नेहमी −२ असतो ना?

ऑक्सिडेशन नंबर म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन ते जास्त ओढणाऱ्या अणूचेच धरले, तर प्रत्येक अणूवर येणारा प्रभार. ऑक्सिजनसाठी −२ बहुतेक ठिकाणी चालतो, पण हा नियम रांगेत शेवटचा आहे. नियम सगळ्यांचे पाठ असतात, त्यांचा क्रम मात्र सहसा कुणी सांगत नाही, आणि घोळ तिथेच होतो. मी हा क्रम धरतो: फ्लोरिन −१, सोडियम-पोटॅशियमसारखे पहिल्या गणातले धातू +१, दुसऱ्या गणातले +२, मग हायड्रोजन +१ आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजन −२. दोन नियमांचं जुळेना, की आधीचा पाळायचा आणि उरलेल्या अणूचा अंक बेरजेतून काढायचा. रेणूत बेरीज शून्य येते, आयनात त्याच्या प्रभाराइतकी.

पेरॉक्साइडमध्ये दोन हायड्रोजनचे मिळून +२. मग दोन ऑक्सिजनच्या वाट्याला −२, म्हणजे प्रत्येकी −१. यामागचं कारण बंधात आहे. इथे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात, आणि सारख्या अणूंमधल्या बंधाचे इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे धरतात. त्या बंधातून कुणालाच काही मिळत नाही. याच क्रमाने सोडियम हायड्राइडमध्ये हायड्रोजन −१ येतो आणि ऑक्सिजन डायफ्लोराइडमध्ये ऑक्सिजन चक्क +२.

एक क्रोमियम आणि पाच ऑक्सिजन असलेलं क्रोमियम पेरॉक्साइड जरूर सोडवून बघा. सगळे ऑक्सिजन −२ धरले तर क्रोमियम +१० येतो. पण त्याच्याकडे संयुजा इलेक्ट्रॉन (बंधात वापरता येणारे) सहाच आहेत, तेव्हा हे उत्तर अशक्य. खरं तर त्यातले चार ऑक्सिजन जोडीजोडीने बांधलेले आहेत, म्हणून −१, एकच −२. क्रोमियम +६. असं अवास्तव उत्तर आलं की पेरॉक्साइड बंध, म्हणजे दोन ऑक्सिजनमधला बंध, शोधायचा.

डायक्रोमेट आयनात आकडेमोडीच्या चुका होतात. दोन क्रोमियम, सात ऑक्सिजन, प्रभार −२: २क्ष − १४ = −२, म्हणून क्ष = +६. उजवीकडे शून्य लिहिलं तर +७ येतो, आणि दोनने भागायचं राहिलं तर +१२.

अमोनियम नायट्रेटमध्ये सरळ बेरीज केली तर नायट्रोजन +१ येतो, पण ती नुसती सरासरी आहे. आयन वेगळे करून बघा: अमोनियममध्ये −३, नायट्रेटमध्ये +५. तीन लोह आणि चार ऑक्सिजनच्या मॅग्नेटाइटमध्ये ८/३ येतं, तेही असंच: दोन लोह +३, एक +२.