कोलिअसच्या रंगांची जुळणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रंगीत पानांची आवड म्हणून मी कोलिअसचे आठ वेगवेगळे प्रकार एकाच वाफ्यात लावले. रोपे जोमात आहेत, तरीही वाफ्याकडे पाहिले की नुसता गोंधळ वाटतो. काय चुकले असावे?

उत्तर : आपण निवडलेल्या रोपांत काही वावगे नाही; प्रकार मात्र फार झाले. कोलिअसच्या एकेका पानातच दोन-तीन रंग असतात. कड एका रंगाची, मधला भाग दुसऱ्या आणि शिरा तिसऱ्याच. असे आठ प्रकार शेजारी शेजारी आले की नजरेला टेकायला जागाच उरत नाही. म्हणून बहुरंगी पानांचा एकच प्रकार मुख्य मानावा आणि त्याच्या पानात जे रंग आहेत त्यांपैकीच एखाददुसऱ्या रंगाची, पण एकरंगी पानांची रोपे त्याच्या सोबतीला द्यावीत. किरमिजी पानाला पोपटी कड असेल, तर पुढे संपूर्ण पोपटी पानांचा बुटका कोलिअस आणि मागे गर्द जांभळट तांबडा उंच कोलिअस, एवढी जुळणी पुरेशी आहे. प्रत्येक प्रकाराची किमान तीन ते पाच रोपे ३० ते ४० सेंटीमीटर अंतरावर एकत्र लावावीत, म्हणजे ती वाढून एकमेकांना भिडतात आणि लांबूनही रंगाचा एक सलग पट्टा दिसतो.

रंग आठवणीने जुळवायला जाऊ नये. माझा अनुभव असा की त्यात हमखास फसगत होते. मुख्य रोपाचे एक पूर्ण वाढलेले पान खुडावे आणि जिथे लागवड करायची आहे त्याच जागी, दिवसाउजेडी, ते दुसऱ्या रोपाच्या पानांवर ठेवून पाहावे. पान उलटूनही पाहावे, कारण वरून हिरवे-तांबडे दिसणारे पान पाठीमागे कधी कधी चक्क जांभळे निघते, आणि वाऱ्याने पाने हलू लागली की तोच रंग मधूनमधून डोकावत राहतो. गर्द पानांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. सावलीत ती लांबून मातीच्या रंगात बुडून जातात. त्यांच्या मागे किंवा भोवती पोपटी अथवा पिवळसर पाने आली, की मगच त्यांचा आकार उठून दिसतो.

सोबतीच्या इतर झाडांची निवड करताना आधी त्यांची पाण्याची आणि उन्हाची गरज पाहावी, रंगाचा विचार त्यानंतर करावा. नेचे, बेगोनिया आणि कॅलेडियम यांना कोलिअसप्रमाणेच ओलसर, पण पाणी न साचणारी माती आणि सौम्य प्रकाश मानवतो. शिवाय नेच्याच्या बारीक, चिरलेल्या पानांमुळे कोलिअसच्या रुंद पानाला उठाव येतो. रुपेरी पानांची झाडे शेजारी सुंदर दिसतात हे खरे, परंतु त्यांतील बहुतेकांना कोरडी माती आणि कडक ऊन लागते, त्यामुळे दोघांपैकी एकाचे हाल होतात. ती जोडी मी टाळतो.

प्रश्न : आणले तेव्हा गडद लाल असलेले रोप आता हिरवट झाले आहे. खत वाढवावे का?

उत्तर : खत वाढवू नये, नत्राचा मारा झाला की हिरवेपणा आणखी वाढतो. पानातील लाल आणि जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि भरपूर प्रकाश मिळाला की ते अधिक प्रमाणात तयार होते. प्रकाश कमी पडला की ते कमी होते आणि हरितद्रव्याचा हिरवा रंग वर येतो. आपले रोप बहुधा दाट सावलीत गेले असावे. त्याला सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळेल अशा जागी हलवावे. जुनी पाने कदाचित तशीच राहतील, मात्र नव्याने फुटणाऱ्या पानांत फरक दिसू लागेल. पोपटी आणि पिवळ्या प्रकारांचे उलट आहे. दुपारच्या प्रखर उन्हात त्यांची पाने फिकी पडतात आणि कडेने करपतात. मात्र संपूर्ण रोप रंगीत असताना एखादीच फांदी हिरवी निघाली असेल, तर तिचा दोष प्रकाशाकडे नाही. ती फांदी बुडापासून कापून टाकावी, अन्यथा जोमाने वाढून ती बाकीच्या रोपावर मात करते.

प्रश्न : कोलिअसला तुळशीसारख्या मंजिऱ्या येतात. त्या ठेवाव्यात की खुडाव्यात?

उत्तर : साम्य आपण अचूक टिपले आहे. कोलिअस तुळशीच्याच कुळातला आहे; खोड बोटांत फिरवून पाहिले तर त्याचे चार कोन जाणवतात. १७६३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला तुळशीच्याच प्रजातीत ठेवले होते. पानांच्या शोभेसाठी लावलेल्या रोपाच्या मंजिऱ्या मात्र दिसताक्षणी खुडाव्यात. फुले येऊन बी धरू लागले की रोप उंच व किडकिडीत होते, खालची पाने गळतात आणि नवी पाने लहान येतात. मंजिरी खुडताना तिच्याखालची पानांची एक जोडीही काढावी, म्हणजे त्याखालच्या पेरातून दोन फुटवे निघून रोप डेरेदार होते. मधमाश्यांसाठी कोपऱ्यातले एखादे रोप फुलू द्यायला हरकत नाही.

प्रश्न : बियांपासून रोपे करावीत की फांद्यांपासून?

उत्तर : आवडलेला रंग जसाच्या तसा हवा असेल तर फांदीच लावावी, बियांची रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. मंजिरी नसलेला ८ ते १० सेंटीमीटरचा शेंडा पेराच्या लगेच खाली कापावा, खालची पाने काढून तो पाण्यात ठेवावा आणि पाणी वरचेवर बदलावे. साधारण एक ते दोन आठवड्यांत मुळे फुटतात. ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की शेंडा मातीत लावावा, कारण पाण्यात फार काळ राहिलेली मुळे मातीत रुळायला वेळ घेतात. कोलिअसला थंडी सोसत नाही. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की तो खंगतो. म्हणून असे शेंडे थंडी सुरू होण्यापूर्वीच घरात आणावेत आणि आणण्याआधी पानांच्या बगलांत पिठ्या ढेकणांचे पांढरे पुंजके नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

बी पेरण्याचा आनंद वेगळा आहे. ते अतिशय बारीक असते आणि रुजायला त्याला प्रकाश लागतो. म्हणून ओलसर मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती टाकू नये. उगवल्यावर विरळणी करताना घाई करू नये. सर्वांत दांडगी रोपे पुष्कळदा हिरवीच निघतात आणि हळू वाढणाऱ्या लहान रोपांत उत्तम रंग दडलेले असतात, म्हणून पानांच्या दोन-तीन जोड्या येईपर्यंत एकही रोप उपटू नये.