बदललेल्या इंजिनाचे बोल्ट आधी बघ

जुन्या गार्डन ट्रॅक्टरला दुसरं इंजिन बसवलेलं असेल तर चालू करायची घाई नको, आधी स्पार्क प्लगची वायर काढ आणि मग खालचे माउंटिंग बोल्ट (इंजिन चौकटीला धरून ठेवणारे) बघ, कारण बसवणाऱ्याने बरेचदा हाताला लागेल तो बोल्ट लावलेला असतो.

- बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा तीन रेषा ही मजबुतीची खूण दिसली तर ठीक, कोरं डोकं असेल तर सरळ बदल.
- वॉशरभोवती गंजासारखी लालसर भुकटी म्हणजे बोल्ट ढिला होऊन घासतोय. भोक लांबट झालंय का तेही बघ.
- इंची मापाचा बोल्ट मेट्रिक (मिलिमीटर मापाच्या) आट्यांत दामटू नको!

नवीन लोक हमखास जास्त आवळतात, अल्युमिनियमचे आटे लगेच जातात. मॅन्युअलमधला टॉर्क (किती जोराने आवळायचं ते माप) बघूनच आवळ, पाना नीट चालव, जमेल तुला.