लाल नाकाचा रेडा

प्रश्न : डॉक्टर, माझा नातू तिसरीत आहे. नाताळच्या चित्रात त्याने सांताक्लॉजच्या गाडीला गवा, मगर, शेकरू आणि रेडा अशी चार जनावरं जुंपली. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, ‘रेनडिअर हवेत.’ तेव्हापासून पोरगं रुसून बसलंय. यातलं एक तरी जनावर ती गाडी ओढेल का? तुम्ही गुरांचे डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा.
– एक आजी, डिचोली

उत्तर : ताई, रेनडिअर तरी त्या गाडीला पहिल्यापासून कुठे होते? आठ रेनडिअर आले ते १८२३ साली, अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात छापलेल्या एका कवितेतून. लाल नाकाचा नववा आला १९३९ मध्ये, एका मोठ्या दुकानाने गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून. हॉलंडात तर संत निकोलस पांढऱ्या घोड्यावरून येतो. ज्याच्या दावणीला जे असेल ते जुंपायचं, अशीच ही रीत दिसते.

एक गंमत नातवाला सांगा. चित्रातल्या रेनडिअरला नेहमी भरघोस शिंगं असतात. पण नराची शिंगं नाताळापर्यंत बहुधा गळून पडलेली असतात, मादीची मात्र वसंतापर्यंत टिकतात. म्हणजे सांताची गाडी ओढणाऱ्या बहुतेक बायकाच. नाहीतर खच्ची केलेले नर, कारण त्यांचीही शिंगं उशिरापर्यंत राहतात. आपल्याकडे बैलाला जुंपण्याआधी जे करतात तेच. बाईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आता नातवाची जनावरं. शेकरू एका उडीत सहा मीटर जातं, पण वजन जेमतेम दोन किलो. त्याच्यामागे फार तर काजूची पिशवी बांधता येईल. मगर कुंभारजुव्याच्या खाडीत ऊन खात पडलेली असते. झडप घालण्यापुरता तिच्यात जोर, पण लांबची चाल झेपत नाही, लगेच दमते. गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, ताकदीचा प्रश्नच नाही. पण त्याच्या मानेवर जू ठेवायला कोण जाणार? शिवाय गवा आणि मगर दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात. सांता नाक्यावरच अडकायचा.

राहिला रेडा. इथे मात्र तुमच्या नातवाने बरोबर नेम मारला आहे.

सांताची गाडी म्हणजे घसरगाडी, तिला चाकं नसतात. तशी गाडी आपल्याकडे आहे आणि ती चालते ऐन नाताळाच्या सुमारास. पेडण्याला माझ्या मामाकडे वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हिवाळी भाताची, शेती होती. नांगरट झाली की चिखल सारखा करायला रेड्यांच्या जोताला एक जाड फळी बांधायची. फळी हलकी पडायची, म्हणून वजनाला आम्हा पोरांना तिच्यावर उभं करायचे. मामाने ‘हॉऽऽ’ केलं की फळी सुळकन् सुटायची, दोन्ही अंगांनी चिखलाचे फवारे, आणि आम्ही एकमेकांच्या चड्ड्या धरून उभे. आता तिथे पॉवर टिलर फिरतो. त्याच्यामागे कोण उभं राहणार?

खुरांचंच बघा. रेनडिअरचं खूर रुंद आणि पसरट, म्हणून तो बर्फात रुतत नाही. रेड्याचं खूरही मोठं, पाय घोट्यात चांगले लवतात, म्हणून चिखलातून पाय काढणं त्याला बैलापेक्षा सोपं जातं. उणीव एकच. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे ऊन सोसत नाही. दुपारी डबक्यात बसला की उठवून दाखवा! पण सांताची पाळी रात्रीची, तीही डिसेंबरातली. चालीचं म्हणाल तर मंद. कलंगुटची खेळणी काणकोणात पोचेपर्यंत कार्निव्हल येईल. आणि उडण्याचं विचाराल, तर ज्याच्या तोंडून वेद वदले त्याला आकाशात चार पावलं टाकणं काय जड? भीती एवढीच, की मध्यरात्री दारात रेडा बघून म्हातारी माणसं भलत्याच पाहुण्याची शंका घेतील.

लाल नाकाचं म्हणाल तर तेही मी पाहिलं आहे. १९९७ च्या चोवीस डिसेंबरला संध्याकाळी दिवाडीहून निरोप आला. फेरीबोटीत स्कूटर घालून गेलो. घरातली सगळी माणसं चर्चमध्ये मिसेला जायच्या नव्या कपड्यांत गोठ्यापाशी उभी. रेडा मान खाली घालून, तोंडातून लाळेच्या तारा. मालक बॅटरी धरून म्हणाला, “दोतोर, रगत!” नाकपुड्या, ओठ, जीभ, सगळं लालभडक. मीही चरकलो. तोंडात आडवं लाकूड घालून हात आत घातला, तर टाळूत आडवी अडकलेली बांबूची कांब हाताला लागली. तिला पतंगाच्या लाल कागदाचं चिटोरं चिकटलेलं. वर बघितलं, तर गोठ्याच्या दारावरच्या नखेत्राचे, म्हणजे नाताळच्या कागदी चांदणीचे, तीन कोन गायब! थोरल्या मुलाने ते रेड्याच्या तोंडाला येईल इतकं खाली टांगलं होतं.

कांब निघाली. रेड्याने एक लांब श्वास सोडला आणि ते लाल नाक माझ्या शर्टाला पुसलं. रगत कसलं, कागदाचा रंग. घरच्या बाईने दोदोल बांधून दिला, शेवटची फेरी मिळाली. घरी बायकोने दार उघडलं आणि शर्टाकडे बघून किंचाळली. दोदोल तिने दुसऱ्या दिवशी खाल्ला. शर्ट मात्र पुढे स्कूटर पुसायलाच गेला.