‘लघुमेंदू’ नको, आणि ‘ऑर्गनॉइड’च्या शेपटीत दडलेली वेदना

प्रश्न असा आला आहे : ‘प्रयोगशाळेत वाढवलेल्या ब्रेन ऑर्गनॉइडला, म्हणजे मेंदूच्या पेशींच्या इवल्या गोळ्याला, मराठीत लघुमेंदू म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि बायोकम्प्युटिंगला, म्हणजे जिवंत पेशींकडून संगणकाचं काम करून घेण्याला, काय म्हणावं?’

बरोबर नाही. हा शब्द गेले वर्षभर कानावर आदळतोय आणि दर वेळी माझ्या मोठ्या मेंदूला त्रास होतो. लहान मेंदू प्रत्येकाला असतोच की, डोक्याच्या मागच्या बाजूला! शाळेत पाठ केलेलं अनुमस्तिष्क ते हेच. तोल सांभाळतं. गंमत म्हणजे माणसाच्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज या ‘लहान’ मेंदूतच असतात. आता अनुमस्तिष्काचेही ऑर्गनॉइड तयार झालेत. त्यांना काय म्हणणार, लहान मेंदूचा लघुमेंदू?

वस्तू काय आहे ती आधी बघा. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी घेऊन त्यांना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत न्यायचं आणि पोषक द्रवात वाढवायचं. योग्य परिस्थिती दिली की त्या आपापसांतच रचना करू लागतात. व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी २०१३ मध्ये जो गोळा दाखवला तो काही मिलिमीटरचा, म्हणजे मटाराच्या दाण्याहूनही लहान. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे फार वाढला तर आतल्या पेशी उपाशी मरतात. याला ‘मिनी ब्रेन’ म्हटलेलं कित्येक संशोधकांनाच रुचत नाही. आपण मात्र तोच शब्द उचलून मराठीत आणला.

‘मस्तिष्काभ’, म्हणजे मस्तिष्कासारखा, सुचवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मीटिओरॉइडला उल्काभ चालतो, कारण उल्का आपण बोलतो. मस्तिष्क कोण बोलतं? मस्तिष्काभ हा शब्द कोशात जन्मतो आणि तिथेच वारतो.

पण खरी मजा मूळ शब्दात आहे. ग्रीक ‘ऑर्गनॉन’ म्हणजे अवजार, साधन. पुढे त्याचा अर्थ शरीराचं साधन, म्हणजे अवयव झाला. आपल्याकडे ‘ऑर्गॅनिक’साठी शब्द घडवताना कुणीतरी ‘इंद्रिय’ धरलं आणि सेंद्रिय झालं. स + इंद्रिय. अक्षरशः घ्यायचं तर सेंद्रिय मेथीला डोळे-कान असायला हवेत! या हिशेबाने बायोकम्प्युटिंगला मी बेधडक ‘सेंद्रिय संगणन’ म्हणेन. हसू नका. २०२१ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी वाढवलेल्या ऑर्गनॉइडना डोळ्यांचे दोन अंकुर फुटले होते आणि ते प्रकाशाला प्रतिसाद देत होते. याहून सेंद्रिय काय हवं?

आता शेपूट. ‘-ऑइड’ येतो ग्रीक ‘एइडोस’वरून, म्हणजे रूप, जे दिसतं ते. फार जुन्या ग्रीकमध्ये या शब्दाच्या तोंडाशी ‘व’ होता, तो पुढे गळला. तो परत लावा आणि संस्कृत ‘विद्’ शेजारी ठेवा. एकच मूळ! त्याच मुळातून वेद, विद्या, लॅटिनमार्गे आलेला आपला व्हिडिओ, आणि वेदना. मराठीत वेदना म्हणजे ठणकाच, पण मुळात वेदना म्हणजे जाणवणं. बौद्ध परिभाषेत तर सुखाचीही वेदना असते. म्हणजे ज्या एका गोष्टीवरून सगळी भांडणं चाललीत, या गोळ्याला काही जाणवतं का, तिचं सख्खं भावंड त्या गोळ्याच्या नावातच शेपटीला बसलंय. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी घरातल्या दोघांना उठवून सांगितलं होतं. दोघंही परत झोपले.

भांडणं खरीच आहेत. २०२२ मध्ये मेलबर्नच्या कॉर्टिकल लॅब्जने सुमारे आठ लाख चेतापेशींना पाँग हा चेंडूफळीचा व्हिडिओगेम खेळायला लावला आणि शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘सेंटिअन्स’ (जाणवण्याची क्षमता) हा शब्द वापरला. (तो ऑर्गनॉइड नव्हता, बशीत पसरलेला पातळ थर होता. त्यालाही लघुमेंदू म्हणणारे मला भेटलेत.) त्यांची व्याख्या साधारण अशी : बाहेरून आलेल्या संवेदनेला आतल्या बदलत्या प्रक्रियेतून प्रतिसाद देणं. अहो, या मापाने लाजाळूचं रोपही रांगेत उभं राहील! पुढच्याच वर्षी, तो निबंध ज्यात छापला होता त्याच नियतकालिकात, इतर शास्त्रज्ञांनी लेखी आक्षेप घेतला, ते बरं झालं. इंडियाना विद्यापीठातल्या मंडळींनी २०२३ मध्ये खरा ऑर्गनॉइड इलेक्ट्रोडवर बसवून आठ जणांपैकी जपानी स्वर कोण उच्चारतंय हे ओळखायला लावलं. सुमारे ७८ टक्के बरोबर आलं. त्यांनी सेंटिअन्सच्या वाटेला जायचं टाळलं.

मराठीत इथे चार वेगळे शब्द आहेत : संवेदन, जाणीव, भान, वेदना. चेतापेशी संकेत पकडते हे संवेदन. त्यापुढचं काही बशीत सिद्ध झालेलं नाही. पण ऑर्गनॉइड अधिक मोठे, अधिक गुंतागुंतीचे होत चाललेत. ज्याच्या रक्तातून ते वाढवले त्याला आधी काय सांगायचं, कोणत्या टप्प्यावर हात आखडायचा, यावर नीतिशास्त्रवाले बोलताहेत. त्यांच्या लेखांचा अनुवाद करणाऱ्यांनी हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर मूळ वादच हरवेल. ‘सेंटिअन्स’ला सरसकट ‘चेतना’ म्हणणं तर बंदच करा. चेतापेशीला चेतना आहे का, असा प्रश्न विचारला की उत्तर व्याकरणातच मिळून जातं.

हां, ऑर्गनॉइडला काय म्हणायचं ते राहिलंच. माणसाचं माणुकलं होतं, तसं मेंदूचं मेंदुकलं. अनेकवचन मेंदुकली.